प्रागचा राजा आणि आबांची वहाण

माझी बहीण रुपाली प्रागला शिकायला गेली, त्या दिवशी आबांची एक वहाण हरवली. आळ आला काळ्या कुत्र्यावर. दोन वर्षं आबा त्या मुक्या जनावराला शिव्या देत होते, पण मला विचाराल तर राग वहाणेचा नव्हता, पोरीचा होता. तिकडं गेलेलं माणूस परत येत नाही, असं म्हणून त्यांनी तिच्याशी बोलणंच सोडलं. असा हट्टी माणूस आख्ख्या बोरी गावात सापडायचा नाही, आणि माझी बहीण त्यांच्यावरच गेलेली.

परवा संध्याकाळी मेंढरं कोंडून बसलो तर तिचा व्हिडिओ कॉल आला. शिक्षण सांभाळून ती तिथं पाहुण्यांना शहर दाखवते. उद्या पहिल्यांदाच मराठी माणसं येणार, म्हणून आधी तुम्हालाच सांगून बघते म्हणाली. मायनं फोन डब्याला टेकवला. आबा पाठ करून कोकरांना बाभळीचा पाला टाकत राहिले.

तिच्या खोलीच्या खिडकीतून तिनं नदी, पूल, लाल कौलं दाखवली आणि तिथली दंतकथा सांगू लागली. फार पूर्वी लिबुशे नावाची राणी न्याय करायची. बाईचा न्याय लोकांना रुचेना, नवरा कर म्हणून मागं लागले. तिनं आपला घोडा सोडला आणि म्हणाली, याच्या मागं जा. घोडा थांबला तो नांगर हाकणाऱ्या एका शेतकऱ्यापाशी. तो राजा झाला, पण जुन्या वहाणा त्यानं सोबत नेल्या. आपण कुठून आलो हे लेकराबाळांनी विसरू नये म्हणून वाड्यात जपून ठेवायला लावल्या.

आबांचा हात थांबला. "मंग त्या वहाणा आता कुठं हायत?" त्यांनी पाठमोरंच विचारलं. दोन वर्षांत लेकीशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"त्या राहिल्या न्हाईत, आबा. पण ही हाय."

फोन फिरला. पुस्तकांच्या फळीवर आबांची वहाण होती, टाचेला खिळे ठोकलेली. मायनं आधी काळ्याला जवळ ओढलं.

आबांनी वळून बघितलं आणि ते उठून घरात गेले. ते चिडले असं वाटून रुपाली रडायला लागली. परत आले ते दुसरी वहाण घेऊनच. तेल लावून मऊ ठेवलेली. त्यांनी ती फोनसमोर धरली.

"एका वहाणेनं चालता येत न्हाई, बाई," ते म्हणाले. "ही मी संभाळून ठिवलीय. जोड लावायला ये."