अडीच मनोरे

मेलीदाने हात ताठ पुढे केला, डावा डोळा मिटला आणि पेन्सिल उभी धरून अंगठ्याचं नख हळूहळू खाली सरकवलं. दरीपलीकडच्या चर्चचा मनोरा पेन्सिलीच्या टोकापासून नखापर्यंत नेमका बसला. हे झालं माप. नख तसंच दाबून धरत तिने हात उजवीकडे नेला आणि पांढऱ्या झाडाच्या बुंध्यापासून खाली, लेकीच्या घराच्या तपकिरी छपरापर्यंत मोजत आली. एक मनोरा. दोन मनोरे. आणि वर अर्धा. तिने पुन्हा मोजलं, तरी अडीचच. तिसऱ्यांदा न मोजता ती सज्जातल्या खुर्चीवर खाली बसली.

जानेवारीत हेच अंतर तीन मनोरे होतं. तीन म्हणजे पक्कं तीन.

डोंगर उठून चालू लागत नाही हे कळण्याइतकी अक्कल मेलीदाला होती. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या तारा जोडून देण्यात गेलेली बाई ती, भलत्या कल्पना करत बसणाऱ्यांतली नव्हे. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले म्हणून ती वाचनालयात दर मंगळवारी भरणाऱ्या जलरंगाच्या वर्गाला जायला लागली. शिकवायचे डॉन एवेलियो नावाचे एक गृहस्थ. रस्त्यांचे नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती आणि बोलणं अजूनही पट्टी लावून आखल्यासारखं सरळ होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, घरातून दिसणारं एकच दृश्य निवडा आणि तेच काढत राहा, कंटाळा येईपर्यंत, आणि मग कंटाळा जाईपर्यंत.

मेलीदाच्या सज्जातून दिसायचा तो दरीपलीकडचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी पायऱ्यांच्या वाटेने एका ओळीत आठ घरं, आणि त्यातलं शेवटचं यामिलेचं, तिच्या एकुलत्या एक लेकीचं. डावीकडे खडकावर चर्च. घरांच्या वर पूर्वी कुणाची तरी कॉफीची बाग होती. मालक शहरात गेला, बाग रानात बुडाली, आणि त्या रानात एकटं उभं यारूमोचं झाड, लांबून पांढरंशुभ्र दिसणाऱ्या पानांचं. त्या झाडाने मेलीदाला फार छळलं. जलरंगाच्या डबीतला पांढरा रंग वापरायला डॉन एवेलियोंची सक्त मनाई, पांढरं हवं तर तेवढा कागद कोरा सोडायचा. म्हणजे झाड नेमकं कुठे हे आधीच ठरलेलं हवं. एकदा हिरव्या रंगाचं पाणी कागदावरून फिरलं की फिरलं, मग झाड इकडचं तिकडे करता येत नाही. म्हणून हे पेन्सिलीने मोजणं. सुरुवातीला ओला ब्रश कागदाच्या वर धरून ती थांबून राहायची, आणि वर्गातल्या बायका म्हणायच्या, बाई, कागदच आहे तो, चावत नाही.

पाचव्या चित्रात झाड थोडं खाली आलं होतं. डॉन एवेलियोंनी लाल पेन्सिलीने वर एक रेघ मारून झाडाची खरी जागा दाखवली. मापताना कोपर वाकवलंत, ते म्हणाले, नवशिके सगळेच वाकवतात. डोंगर जागचा हलत नसतो बाई, हात हलतो. मेलीदा गुणी विद्यार्थिनी. त्यानंतर तिने मापणंच सोडलं आणि अंतर पहिल्या चित्रावरून उतरवून घेऊ लागली. पुढची पाच चित्रं सुरेख झाली, शाबासकीही मिळाली. आज सोमवारी धुकं विरल्यावर सहज वर पाहिलं तर झाड नुसत्या डोळ्यांनाच खाली दिसलं, म्हणून तिने दोन महिन्यांनी पेन्सिल हातात धरली होती. मनोऱ्याचं माप तेवढंच होतं. कोपर वाकलं असतं तर मनोराही लहान व्हायला हवा होता.

तिने यामिलेला फोन लावला, झाड खाली आलंय म्हणून सांगितलं आणि सगळे काही दिवस माझ्याकडे या म्हणाली. यामिले आधी हसली, मग म्हणाली, आई, तू खाल्लंयस का काही? आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. विल्मार बसच्या आगारात मेकॅनिक, तोंडाचा फटकळ पण मनाने वाईट नाही.

"डोन्या मेलीदा, डोंगर नाही सरकला. तुमचा चष्मा सरकलाय नाकावरून. तेवढा वर करा."

मागून यामिलेच्या हसण्याचा आवाज आला. विल्मारने मग बरंच ऐकवलं. गेल्याच वर्षी साहेब लोक येऊन सगळं तपासून गेले, भिंतीवर धोका नसल्याची हिरवी खूण करून गेले. आणि या घराची एकेक वीट त्याने एकशे चाळीस पायऱ्या खांद्यावरून चढवलेली आहे, ती काय कुणाच्या चित्रकलेपायी सोडून जायला? मेलीदाने फोन ठेवला. तिला भीती वाटत होती, आणि आपल्या भीतीचं हसू होतंय याची लाजही वाटत होती. त्या दुपारी तिने नव्या मापाने अकरावं चित्र रंगवलं आणि रात्र कशीबशी काढली.

मंगळवारी वर्ग सुरू व्हायच्या आधीच तिने अकराही चित्रं वाचनालयाच्या फरशीवर तारखेच्या क्रमाने मांडली. वर्गात तीन म्हाताऱ्या आणि एक निवृत्त न्हावी. चौघांनीही वाकून वाकून पाहिलं आणि हिरव्या छटा किती सुधारल्या म्हणून कौतुक केलं. डॉन एवेलियो हातात काळ्या कॉफीचा कप घेऊन ओळीच्या कडेकडेने चालत गेले. पाचव्या चित्राशी, आपल्याच लाल रेघेशी, थांबले. मग थेट अकराव्यापाशी गेले आणि परत पाचव्याकडे आले.

"मधल्या पाचांत तीन मनोरे कसे?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून," मेलीदा म्हणाली. "पहिल्यावरून उतरवले."

त्यांनी कप खाली ठेवला. वर्ग तिथेच सोडून ते तिच्याबरोबर चढ चढून घरी आले. धाप लागली होती तरी पाणीसुद्धा न घेता सज्जात उभे राहिले, आपली पेन्सिल काढून चार वेळा मापलं, आणि मग ती खिशात ठेवायला त्यांना खिसा सापडेना.

"कोपर सरळच होतं तुमचं," ते म्हणाले. "दोन महिने घालवले मी."

त्यांनी तिथूनच अग्निशमन दलाला फोन केला. तुम्हाला कसं कळलं, असं पलीकडून विचारलं असावं, कारण डॉन एवेलियो दोनदा म्हणाले की चित्रांवरून, जलरंगाच्या चित्रांवरून. नाव आणि पत्ता घेतला गेला. शुक्रवारी माणूस पाठवतो, असं उत्तर मिळालं. मेलीदा शुक्रवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजू लागली आणि मध्येच थांबली. तिने पर्स उचलली, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या टाकल्या आणि निघाली.

पूल ओलांडेपर्यंत ती झपाझप चालली. पायऱ्या सुरू झाल्या तशी मात्र ती हळू झाली. आजवर शेकडो वेळा चढलेल्या पायऱ्या, पण आज प्रत्येक पायरीला वाटत होतं की वर कुणीतरी श्वास रोखून बसलंय आणि आपल्या पावलाचा धक्का त्याला पुरेल. मान वर करायची हिंमत झाली नाही. आठ घरांपैकी सातांवरून ती खाली मान घालून गेली. दारात बसलेल्या शेजाऱ्यांनी हाक मारली तरी नुसता हात हलवला.

यामिले शेगडीवर आरेपा, मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजत होती. तिची चार वर्षांची मुलगी लूसदारी जमिनीवर बाटल्यांची झाकणं रचत होती. विल्मारची सकाळची पाळी संपली होती. सासू दारात दिसताच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"चित्रं नाही आणलीत?"

"नाही," मेलीदा म्हणाली. "तुम्ही येत नाही ना माझ्याकडे? मग मी इथे राहते."

"किती दिवस?"

"तुम्ही राहाल तितके."

विल्मार हसून म्हणाला की मग लूसदारीच्या खाटेवर झोपा, पोरगी लाथा मारते तेवढ्या सहन करा. यामिलेने आईकडे एकदा नीट पाहिलं आणि गुळाचं गरम पाणी पुढे ठेवलं. मेलीदा भिंतीलगतच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली. ही भिंत डोंगराच्या बाजूची, हे तिला बसल्यावर आठवलं, पण आता उठून दुसरीकडे बसायचं म्हणजे सगळ्यांना दिसणार. कप उचलला तर तो बशीवर कडकड वाजायला लागला. तिने तो खाली ठेवला, दोन्ही हातांनी धरून पाहिला, पुन्हा ठेवला.  लूसदारीने आजीकडे पाहिलं आणि झाकणं रचायची थांबली.

विल्मारलाही तो आवाज सहन झाला नसावा. वारा येतोय म्हणत तो उठला आणि मागचं दार लावायला गेला. दार लागेना. त्याने खांदा लावला, खालून पायाने रेटलं, तेव्हा कुठे ते चौकटीत शिरलं.

चार महिने सरळ काय आणि तिरपं काय एवढंच बघायला शिकलेली मेलीदाची नजर त्या दारावर गेली. वरची कड एका टोकाला दोन बोटं खाली उतरलेली होती. तिथलं लाकूड बाकीच्या रंगवलेल्या दारापेक्षा उघडं, ताजं, पिवळट. खाली कोपऱ्यात झाडूने लोटून ठेवलेल्या लाकडाच्या सालपटांचा लहानसा ढीग होता. ती उठली, वाकून एक सालपट उचललं. अजून त्याला वास होता.

"दार कधी तासलंस?"

"पावसात लाकूड फुगतं," विल्मार म्हणाला. "सगळ्यांचंच फुगतं."

"सगळीकडून फुगतं. एकाच कोपऱ्यात नाही."

तो दाराला पाठ लावून उभा राहिला. यामिलेने उलथनं हातातच धरून मान वळवली.

"पाहुणे येऊन गेले त्या रविवारी तासलं होतंस ना?" तिने विचारलं. "एकदाच ना?"

विल्मार लेकीकडे बघत होता.

"किती वेळा, विल्मार?"

"चार," तो म्हणाला. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "तू बाजाराला गेलीस की करायचो."

आरेपा करपल्याचा वास सुटला. यामिलेने गॅस बंद केला. ती ओरडेल असं मेलीदाला वाटलं होतं, पण ती आतल्या खोलीत गेली आणि कपाटाचे खण एकामागून एक उघडल्याचे आवाज येऊ लागले. विल्मार दारापासून हलला नाही. एवढा दांडगा गडी, पण तोंड पोरासारखं झालं होतं. मेलीदाला त्याचा राग यायला हवा होता. चार वेळा! चार वेळा कळलं होतं त्याला, आणि फोनवर चष्म्याचे विनोद करत होता. पण तिच्या मनात आलं ते एवढंच की ही भीती या माणसाने महिनोन्‌महिने एकट्याने या घरात दडवून ठेवली, तीही बायको बाहेर गेल्यावर.

"घर पुन्हा बांधता येतं," ती म्हणाली. तिला स्वतःलाच ते खरं वाटलं नाही.

"या वयात नाही," विल्मार म्हणाला. तो सदतीस वर्षांचा होता.

मग त्याने लूसदारीला उचलून मेलीदाच्या कडेवर दिलं, खाटेवरची गादी गुंडाळून खांद्यावर घेतली आणि बाहेर पडला. मेलीदा नातीला घट्ट धरून त्याच्या मागे. मागून यामिले दोन पिशव्या घेऊन आली. ऊन कलायला लागलं होतं. शेजारच्या घराच्या पायरीवर डॉन कुस्तोदियो बसले होते, विल्मारचे रोजचे डॉमिनोचे भिडू, सत्तरीचे. खांद्यावर गादी बघून त्यांनी भुवया उडवल्या. बायकोने हाकललं का काय, असं काहीसं ते बोलणार होते, तोंड उघडलंही होतं.

विल्मार थांबला. गादी सावरत त्याने आवाज खाली आणला.

"डॉन कुस्तोदियो, तुमचं मागचं दार लागतं का हो नीट?"

म्हातारा आधी त्याच्याकडे बघत राहिला, मग आतून बायकोची चाहूल येते का ते मान वळवून पाहिलं.

"फेब्रुवारीपासून नाही," तो हळूच म्हणाला.

त्यापलीकडच्या पायरीवर एक बाई शेंगा सोलत बसली होती. तिचे हात थांबले.

"आमची खिडकी," ती म्हणाली.