मार्लिसचे मृत्युलेख

"शुक्रवारी आईला पुरलं गं, आणि आज पासवर्डच आठवेना. डोकंच चालत नाहीये माझं." फोनमधली बाई हुंदके देत होती.

मार्लिसला कमी ऐकू येतं, म्हणून ती फोन नेहमी स्पीकरवर टाकते. रुग्णालयाच्या संगणक-मदत कक्षात तिच्या शेजारच्या टेबलावर मी कॉफीचा कप तसाच धरून ऐकत होते. बाईने नाव सांगितलं होतं रोंडा, आमच्याच रुग्णालयातली नर्स. तिची आई इडा गेली तेव्हा चर्चच्या तळघरात जेवण वाढायला आम्ही दोघी होतो. गावात कुणीही गेलं की मार्लिस दोन गोष्टी करते. बटाट्याच्या हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या जेवणाचं, भांडं भरून नेते आणि गावच्या साप्ताहिकात मृत्युलेख लिहिते. तीस वर्षं झाली. तिच्या मृत्युलेखात अख्खा माणूस असतो. माहेरचं आडनाव, शाळा, कुठल्या तळ्यावर मासे धरायचा ते, कुत्र्यामांजरांची नावंसुद्धा. लोक ते कातरून बायबलमध्ये जपून ठेवतात.

"तीन प्रश्न विचारावे लागतात, रोंडा," मार्लिस म्हणाली. "आईचं माहेरचं आडनाव?"

"सोलबर्ग."

"तुझी पहिली शाळा?"

"गूस लेक. आईच शिकवायची तिथे."

"पहिला कुत्रा?"

"टिपी. बिचारा शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी जाऊन बसायचा."

तिन्ही उत्तरं बरोबर. नियमाप्रमाणे आता एक बटण दाबायचं आणि नवा पासवर्ड द्यायचा. मी तर कधीच देऊन मोकळी झाले असते. मार्लिसचं बोट मात्र बटणावरच थांबलं.

"तू ठेव फोन. मी तुझ्या घरी लावते."

"मी घरी नाहीये! आई गेलीय माझी आणि तू माझी परीक्षा घेतेस? शरम नाही वाटत?"

"चुकले असेन तर घरी येऊन माफी मागेन," असं म्हणून मार्लिसने फोन ठेवला.

माझं डोकंच फिरलं. आमच्या गावात दुःखातल्या माणसाला असं कुणी वागवत नाही. कुणाला पत्ता विचारला तर तो गाडी काढून पोचवायला येतो, अशी इथली माणसं.

"माणूस आहेस की दगड?" मी म्हणाले. "जन्मभर बोलणार नाही ती तुझ्याशी."

"जोॲन, 'फाटकापाशी जाऊन बसायचा' हे वाक्य माझं आहे. इडाच्या लेखात मीच लिहिलं. तिन्ही उत्तरं त्यातलीच आहेत."

मी हातातला कप खाली ठेवला. रोंडाच्या पासवर्डने गावातल्या प्रत्येक पेशंटची फाइल उघडते. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या जिल्ह्यात असंच कुणीतरी पासवर्ड मिळवून संगणकांत शिरलं आणि तिथलं रुग्णालय तीन आठवडे बंद पडलं. बाळंत व्हायला आलेल्या बायकांना बर्फातून नव्वद मैल न्यावं लागलं होतं.

मार्लिसने रोंडाच्या घरचा नंबर लावला. बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला.

"मार्लिस? बरं झालं बाई केलास. तुझंच भांडं धुतेय. तळाला तुझ्या नावाची पट्टी आहे म्हणून कळलं, नाहीतर सतरा भांडी पडलीत ओट्यावर."

"मघाशी पासवर्डसाठी तूच फोन केला होतास का?"

"छे गं! सोमवारपर्यंत मला रुग्णालयाचं नावही नको."

तीन प्रश्न त्याच दिवशी बंद झाले. आता कुणीही पासवर्ड मागितला तरी आम्ही ओळखीच्या नंबरावर उलट फोन करतो. मला मार्लिसचा इतका अभिमान वाटला की मी तिन्ही मजल्यांवर सांगत सुटले. ती मात्र दुपारी जेवली नाही. "किल्ली मीच छापत आले गं, तीस वर्षं," एवढंच म्हणाली.

मार्च महिन्यात व्हर्न होगन गेला. त्याच्या मुलीने, आर्डिसने, मार्लिसला चार पानं भरून माहिती आणून दिली. छापून आल्या चारच ओळी. नाव, वय, चर्च, वेळ. गाव नाराज झालं. "मार्लिस थकली आता," असं बायका माझ्या तोंडावर म्हणाल्या. मी भांडले त्यांच्याशी.

अंत्यविधीनंतर तळघरात कॉफी फिरत होती. मार्लिस ॲप्रन न सोडताच उभी राहिली आणि खिशातून घडी घातलेले कागद काढून वाचू लागली. अख्खा व्हर्न होता त्यात. त्याच्या आईचं माहेर, गवताची गंजी उलटली ती गोष्ट, तळं, शाळा, सगळं. लोक हसले, मग रडले. कॉफी कपातच गार झाली. शेवटी तिने ते कागद पुन्हा घडी घालून आर्डिसच्या हातात ठेवले.

"हे छापायचं नसतं," ती म्हणाली. "हे तुमचं."

व्हर्नची एक घोडी होती. तो गेला त्या सकाळी ती दाणा न खाता कुंपणाशी उभी राहिली होती. तिचं नावही मार्लिसने वाचलं. आम्हा साठ माणसांना ते ठाऊक आहे. मी ते इथे लिहिणार नाही.