रिकाम्या जागेची हजेरी

माझ्या अंगाच्या मधोमध, उभ्या माणसाच्या कपाळाइतक्या उंचीवर, एक तांबूस डाग आहे. धोब्याने मला दोनदा उकळत्या पाण्यात घातले, तरी तो गेला नाही. मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, चित्रपट दाखवण्याचा. पण मी स्वतः एकही चित्रपट पाहिलेला नाही. तो माझ्यावर उमटतो आणि पुसला जातो. मला दिसतात ते केवळ समोर बसलेल्यांचे चेहरे.

माझे कापड विट्याच्या मागावर विणले गेले. पाचगणीच्या एका निवासी शाळेने चार पट्टे जोडून मला शिवून घेतले. तेथील कवायतीचे शिक्षक हंबीरराव हे निवृत्त सुभेदार होते. मला टांगणे, ताणणे, माझी घडी घालणे, ही कामे ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. माझ्यावरची एकही सुरकुती त्यांना खपत नसे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली शाळेत हॉलिवूडचा एक विनोदी चित्रपट आला. त्यात युद्धाची आणि बड्या सेनाधिकाऱ्यांची टर उडवली होती. आपल्या पलटणीत एकही शिपाई मरत नाही, अशी त्यातल्या सेनापतीची बढाई असते. म्हणून हजेरीच्या वेळी मेलेल्यांच्या जागा रांगेत तशाच मोकळ्या ठेवतात, आणि एक भित्रा कारकून त्या प्रत्येक जागी धावत जाऊन, दरवेळी आवाज बदलून, सलाम ठोकून ‘हजर’ म्हणतो. मुले पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी त्या चित्रपटाचे गुणदोष सांगितले. कोठेही आक्रस्ताळेपणा न करता खोटेपणा उघडा पाडला, हा गुण. उत्तरार्ध रेंगाळला, हा दोष.

मला आणखी एक दोष जाणवला होता. प्रकाश मला उबेसारखा लागतो. शिपाई उभे असत तेथे मी उबदार होई, आणि त्या मोकळ्या जागा मात्र गार राहत. अख्ख्या चित्रपटात त्या गार जागांकडे थांबून पाहणारा एकही माणूस नव्हता. पण पडद्याला कोण विचारतो?

सुट्टी लागली तेव्हा हंबीररावांनी परवानगी काढून मला, चित्र दाखवणाऱ्या यंत्राला आणि त्या रिळांना कोरेगाव तालुक्यातल्या आपल्या गावी नेले. तेथे घरटी एक माणूस फौजेत. साहेबांची फजिती पाहून गाव हसेल, एवढाच त्यांचा साधा हेतू होता.

सोसायटीच्या गोदामात, भर दुपारी, दारे लावून खेळ ठरला. मला टांगताना हंबीररावांबरोबर त्यांचे जुने स्नेही नाथाजी होते. त्यांचा मुलगा गुंडा एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला होता. तसे कळवणाऱ्या सरकारी पत्रानंतर तीन वर्षांत दुसरे पत्र आले नव्हते. पुढच्या अमावस्येला दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया उरकावी, असे घरात ठरत होते. पण गुंडाची बायको अंजना होकार देत नव्हती.

“तिनं कुंकू पुसलं न्हाई, तर पुतळा जाळायचा कसा?” दोरीला गाठ मारत नाथाजी म्हणाले.

मग ते मुलाविषयी बोलत राहिले. गुंडा डावखुरा. फौजेने त्याचा सलामाचा हात बदलला. पण रजा संपवून एस.टी.त बसला, की तो खिडकीतून अंजनाला मुद्दाम डाव्या हाताने सलाम करायचा आणि हसायचा. ऐकता ऐकता हंबीररावांनी माझी एक सुरकुती तशीच राहू दिली.

गर्दी फार होणार, म्हणून मला गोदामाच्या मधोमध टांगले होते. पुढे पुरुष आणि यंत्र, मागे बायका. माझे कापड पातळ. मागूनही चित्र स्वच्छ दिसे, मात्र आरशातल्यासारखे, उजव्याचे डावे होऊन. दारे मिटली. पत्र्याच्या खिळ्यांच्या भोकांतून उन्हाचे ठिपके तेवढे लुकलुकत राहिले, जणू दिवसाढवळ्या कोणीतरी चांदण्या लावल्या होत्या.

हंबीरराव मोठ्याने अर्थ सांगू लागले. “ह्यो सायब म्हणतोय, माज्या पलटणीत कुणी मेल्यालं न्हाई. समद्यांची हजेरी लागली पायजे.”

“सुभेदार, तुमी बी आसंच करत हुता का?” कोणी विचारले.

“येवढी अक्कल आसती तर कर्नल झालो नसतो व्हय रं गड्या?”

गोदाम हसण्याने दणाणले. कारकून पहिल्या मोकळ्या जागी धावला, मग दुसऱ्या. तिसऱ्या जागी त्याने सलाम ठोकला आणि तो पुढे पळाला. आणि ती गार जागा, मित्रांनो, उबदार झाली.

समोरचे चेहरे एकेक करून विझले. रांगेतल्या त्या रिकाम्या जागेतून, माझ्या कापडातून, पाच बोटे बाहेर येत होती. मग बोटांच्या वर कपाळाची गोलाई उमटली. पुढच्या रांगेतले पेन्शनर शिपाई नकळत उठून उभे राहिले. कोणीतरी देवाचे नाव घेतले.

हंबीररावांनी यंत्र थांबवले, दार उघडले आणि ते माझ्या मागे आले. अंजना मला टेकून उभी होती.

“आबा, त्यांनी डाव्या हातानं सलाम क्येला,” ती हंबीररावांना म्हणाली. “पुन्यांदा लावा.”

“त्या बाजूनं समद्यांचाच हात डावा दिसतोय गं पोरी,” हंबीरराव हळूच म्हणाले. “हिकडं ये.”

तिला त्यांनी पुढे आणले, दार लावले, रीळ मागे घेतले आणि तोच भाग पुन्हा लावला. कारकुनाने सलाम ठोकला, उजव्या हाताने. रिकामी जागा रिकामीच राहिली. या वेळी कोणीही हसले नाही. माझ्यावरून परतणाऱ्या उजेडात अंजनाचे कपाळ सर्वांना दिसले. ते कोरे होते. मेणावर लावलेले तिचे कुंकू माझ्या अंगावर राहिले होते.

बराच वेळ ती त्या जागेकडे पाहत राहिली. मग सासऱ्यांकडे वळून म्हणाली, “धन्यांची हजेरी लागली, मामंजी. आता क्रिया करा.”

नाथाजींनी डोईचा पटका काढून तोंडावर घेतला.

मी पाचगणीला परतलो. त्यानंतर माझ्यावर उमटलेल्या कितीतरी नायकांच्या अंगावरून तो डाग गेला. मुले हसू लागली, तेव्हा शाळेने नवा चकचकीत पडदा आणला आणि मी लोखंडी पेटीत गेलो. येथे अंधार आहे, आणि विचाराला वेळ पुष्कळ. एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. त्या दुपारी अंजनाचा हात टेकला, त्याच्या क्षणभर आधीच ती जागा उबदार झाली होती.

मित्रांनो, एखाद्या चित्रपटाचे गुणदोष सांगाल, तेव्हा पडद्याच्या मागच्या बाजूलाही कोणी बसले आहे, हे विसरू नका. आणि कधी ही पेटी उघडलीत, तर माझी घडी त्या डागावरून पाडू नका. कापड आधी घडीवरच विरते. मग रांगेतली ती एक जागा पुन्हा रिकामी होईल.