चाकू हातात देऊ नये

रागिणी वनरक्षक झाली आणि तिला मेळघाटात पहिली नेमणूक मिळाली. जाण्याआधी तिने माझ्याकडे एकच वस्तू मागितली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला वेळ असेल तर माझ्यासाठी एक मजबूत चाकू बघाल का?"

चाकूचं मला काही वाटलं नाही. जंगलात दोर कापायला, झुडपं साफ करायला, चुलीपुरतं लाकूड फोडायला चाकू लागतोच. खटकलं ते "वेळ असेल तर". आमच्या घरात असं कोणी बोलत नसे.

माझी बायको सत्यभामा गेल्या पोळ्यानंतर वारली. ती होती तोवर आम्ही तिघं रोज भांडत होतो. वांगी आज तोडायची की उद्या, पंखा किती जोरात ठेवायचा, कशावरूनही. शेजारच्या माणिकबाई म्हणायच्या, तुमचं घर बाजूला असताना आम्हाला टीव्ही कशाला पाहिजे. सत्यभामा गेली आणि आम्ही बापलेक एकमेकांना जपायला लागलो. मी स्वयंपाक केला की रागिणी म्हणायची, छान झाला. तिने ओली भांडी तशीच पालथी घालून ठेवली की मी म्हणायचो, असू दे बेटा. पोरगी माझ्याशी पुस्तकासारखं बोलायला लागली होती. अशीच ती जंगलात गेली, तर तापाने फणफणली तरी फोनवर "मी छान आहे बाबा" म्हणेल आणि मी इकडे खरं मानून बसेन, ही मला धास्ती होती.

म्हणून ठरवलं, चाकू असा आणायचा की "छान आहे" म्हणताना तिला खोटं बोलावं लागू नये.

माझा साळा खुशालराव अकोल्याला राहतो. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं, असं त्याचं म्हणणं आहे. तो मला तिथल्या एका दुकानात घेऊन गेला. काचेच्या कपाटात एक मोठा चाकू होता. पाठीवर करवतीसारखे दाते, पोकळ मूठ आणि मुठीच्या टोकाला बारकं होकायंत्र.

"भाऊजी, हे पाहा. याच्यात दिशासुद्धा समजते."

"पोरगी जंगलात नोकरीवर चालली, खुशालराव. जहाजावर नाही."

पण मामाची भेट म्हणून त्याने तो घेतलाच. रागिणीने घरी आल्यावर उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "छान आहे मामा." मी तिच्याकडे पाहिलं. तो "छान" मला चांगला ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी मी शेतावर बाभळीची एक वाळलेली फांदी घेतली. चाकूची धार तिच्यावर ठेवली आणि पाठीवर लाकडाने दोन ठोके दिले. पातं फांदीत राहिलं, मूठ माझ्या हातात आली. मुठीतून आगपेटीच्या दोन काड्या, थोडा दोरा आणि मासे धरायचा गळ खाली पडला. रागिणी बांधावर उभी होती. म्हणाली, "असू द्या बाबा, दिसायला छान होता."

मग सोमवारी मी एकट्यानेच निवड करायचं ठरवलं. तिची गाडी त्याच दिवशी दुपारी अमरावतीहून होती. बॅग मध्ये ठेवून मोटारसायकलवर दोघं अमरावतीला आलो. तिला बसस्टँडवर सोडलं आणि मी तिथलं एक दुकान गाठलं.

घडी घालायचा चाकू मी बाजूला ठेवला. जोर लावला की त्याचा सांधा ढिला होतो, आणि कधी बोटावर मिटेल त्याचा नेम नाही. पोकळ मूठ तर आता दुकानदाराने दाखवू नये असं मीच सांगितलं. मला पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं पाहिजे होतं, मुठीच्या दोन्ही बाजूंच्या मधून लोखंडाची पट्टी दिसेल असं. तसे दोन निघाले. एक साध्या पोलादाचा. धार लवकर लागते, पण पुसून तेलाचं बोट फिरवलं नाही तर गंजतो. सत्यभामा तिचा विळा रोज पुसायची. तिची लेक ओली भांडी पुसत नाही, ती चाकू काय पुसणार. म्हणून गंज न धरणारा घेतला. पातं वितीपेक्षा कमी लांबीचं, पण पाठीला चांगलं जाड. दुकानदाराची पाण्याची बाटली मागितली, हात ओला केला आणि मूठ घट्ट धरून पाहिली. सरकली नाही. शेवटी चाकू म्यानात घालून उलटा झटकला. पडला नाही. दुकानदाराने विचारलं, "काका, लेकीसाठी चाकू पाहून राहिले का जवाई?"

स्टँडवर रागिणी पेरूच्या हातगाडीजवळ उभी होती. गाडीवाली चतुराबाई आमच्या ओळखीची, आमच्या बाजूच्या गावची. आता चाकू द्यायचा तर हातात देऊ नये. हातात दिला की भांडण लागतं. सत्यभामा मीठ आणि सुरी कधी कोणाच्या हातात देत नसे. खाली ठेवायची, मग समोरच्याने उचलायची. मीही म्यानासकट चाकू हातगाडीच्या फळीवर ठेवला. तेवढ्यात धारणीची गाडी लागली. रागिणी म्हणाली, "बॅग राहू द्या, मी घेते." मी म्हणालो, तू दमशील. ती म्हणाली, तुम्ही दमाल. असं एकमेकांना जपता जपता मी बॅग घेऊन चढलो, खिडकीजवळची जागा धरली, ती येऊन बसली, मी उतरलो आणि गाडी निघाली.

वळून पाहतो तर चतुराबाई आमच्या चाकूने पेरूच्या फोडी करत होती.

"गोवर्धनभाऊ, मस्त चालते हा. माह्या सुरीपेक्षा बेस," ती म्हणाली आणि एका फोडीला तिखटमीठ लावून मला दिली.

मी रागिणीला फोन केला. मला वाटलं, आता तरी चिडेल. पण ती शांतपणे म्हणाली, "हरकत नाही बाबा. नंतर कधीतरी पाठवा." हे ऐकून मी फोड फळीवर ठेवली आणि चाकू म्यानात घातला. चाकू पोस्टाने गेला तरी चालला असता. पण पोरगी अशीच गेलेली मला चालणार नव्हती.

मोटारसायकल काढली. परतवाड्याला ती गाडी चहापाण्याला थांबते. रस्त्यात ट्रॅक्टर, संत्र्याचे ट्रक, सगळ्यांना मागे टाकत गेलो. पोहोचलो तेव्हा रागिणी स्टँडवर चहाचा कप घेऊन उभी होती. मी सरळ तिच्यापुढे गेलो आणि चाकू समोर धरला.

"घे. हातात घे."

ती मागे सरकली. "खाली ठेवा ना बाबा. आई काय म्हणायची?"

"भांडण लागते म्हणायची. लागू दे."

तिने चहाचा कप खाली ठेवला आणि चाकू घेतला. म्यानातून काढला, पालथा केला, मूठ आवळून पाहिली आणि नाकाशी नेला. "याले पेरूचा वास येऊन राहिला," ती म्हणाली. मग तिची नजर माझ्या डोक्यावर गेली.

"हेल्मेट कुठी हाय तुमचं?"

हेल्मेट चतुराबाईच्या हातगाडीवर राहिलं होतं. मी तसं सांगितलं. त्यानंतर जे सुरू झालं ते गाडी सुटेपर्यंत थांबलं नाही. काहून आले असे उघड्या डोक्यानं, वय काय तुमचं, एका चाकूपायी जीव देता का. मीही सोडलं नाही. चाकू फळीवरून उचलता येत नाही आणि चालली जंगल सांभाळायला, असं म्हणालो. ओल्या भांड्यांचंही वर्षभराचं काढलं. चहावाल्याने गिऱ्हाइकाला सुट्टे द्यायचे थांबवले आणि आमच्याकडे पाहत राहिला. कंडक्टरने घंटी वाजवली. रागिणी चढली, खिडकीत बसली आणि गाडी हलल्यावर तिने बाहेर डोकं काढलं.

"अन् बाबा, तुमची भाजी खारट असते. रोज असते."

"मग आता सांगून राहिली का?" मी ओरडलो. पण गाडी पुढे गेली होती.

परत येताना अमरावतीत हेल्मेट घेतलं. चतुराबाईने त्यात चार पेरू टाकून ठेवले होते. संध्याकाळी रागिणीचा फोन आला. पोहोचली होती. चाकूची मूठ तिच्या हाताला जराशी जाड पडते, असं म्हणाली. खोलीचं छप्पर एका कोपऱ्यात गळतं आणि सोबतची पोरगी घोरते, हेही सांगितलं. मूठ बरोबर आहे, तुझा हात लहान आहे, असं मी म्हणालो, आणि त्यावरून पुन्हा बराच वेळ गेला.

मग मी वांग्याची भाजी टाकली. मीठ घेतलं. चमचा भांड्यावर आला, तसा मी थांबलो आणि अर्धं मीठ परत डब्यात टाकलं.