खळ वाळेपर्यंत

मी एक जुना शिकंजा आहे. नाव ऐकून घाबरू नका, मित्रांनो, मी माणसांना पकडत नाही. खळ लावलेली पुस्तकं माझ्या दोन लोखंडी पाटांमध्ये ठेवतात आणि माझ्या डोक्यावरचं चाक फिरवतात. मग वरचा पाट खाली येतो आणि पुस्तकं दाबून धरतो. आतली खळ वाळेपर्यंत न हलता धरून ठेवायचं, एवढंच माझं कसब.

लोखंड ओतण्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी एका मोठ्या छापखान्यात गेलो आणि पुष्कळ वर्षं राबलो. पुढे विजेवर चालणारी यंत्रं आली आणि माझी रवानगी भंगारवाल्याच्या आवारात झाली. तिथे एक दिवस दोन बायका आल्या. एकीने वाकून माझ्या स्क्रूच्या आट्यांवरून बोट फिरवलं आणि गप्प उभी राहिली. दुसरी भंगारवाल्याला म्हणाली, "याने तुमची केवढी जागा अडवलीय! आम्ही मोकळी करून देतो." शेवटी मला टेम्पोत चढवताना त्या भल्या माणसाने उलट त्यांचेच आभार मानले.

गप्प राहिली ती वहिनी आणि बोलली ती तिची नणंद. वहिनीने अकरा वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यात पुस्तकं बांधली होती. नणंद कापडाच्या दुकानात होती. साधा रुमाल घ्यायला आलेला माणूस तिच्याकडून पडदे घेऊन जायचा. वहिनीने पुस्तकं बांधायची, नणंदेने कामं आणायची, असं ठरवून दोघींनी एक खोली भाड्याने घेतली. तिथे पूर्वी लाँड्री होती आणि भिंतींना अजून इस्त्रीचा वास यायचा. मला त्यांनी खिडकीपाशी ठेवलं.

सुरुवातीची दोन वर्षं फार छान गेली. वहिनी नणंदेपेक्षा मोठी, तरी गमतीने तिला 'वन्सं' म्हणायची. शब्दकोश, पोथीएवढ्या जाड वह्या, कुणाचे पाठ फुटलेले अल्बम, सगळं माझ्यातून जाऊन सरळ होऊन बाहेर पडायचं. लोक पुस्तकावरून हात फिरवून म्हणायचे, अगदी नव्यासारखं झालं. तेव्हा वहिनी मान खाली घालायची आणि नणंद पुढच्या कामाचं विचारून घ्यायची.

मग गावातल्या वाचनालयाचं काम आलं. ऐंशी पुस्तकं होती, पानं सुटलेली, पुठ्ठे निखळलेले. नणंदेने ग्रंथपालबाईंना आठ दिवसांची तारीख देऊन टाकली. वहिनीला हे नंतर कळलं. माझ्यात एका वेळी दहा पुस्तकं मावतात आणि त्यांना पुरता एक दिवस लागतो. त्याआधीची शिलाई वेगळीच. हे सगळं नणंदेला सांगायचं सोडून वहिनी फक्त "बघू" म्हणाली आणि कामाला लागली. तिने पाच दिवसांत पन्नास पुस्तकं पुरी केली आणि उरलेली शिवून ठेवली. तेवढ्यात तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिला तीन दिवस माहेरी जावं लागलं.

उरलेल्या कामाला एक दिवस पुरेल असं समजून शेवटच्या दिवशी नणंदेने एकटीने तीस पुस्तकांना पुठ्ठे चढवले. दहा-दहाच्या तीन फेऱ्या केल्या आणि दर दोन तासांनी माझं चाक उलटं फिरवलं. पुठ्ठ्यांची ओल मला जाणवत होती, मित्रांनो. पण मला तोंड कुठे आहे?

पंधरवड्याने ती तीस पुस्तकं परत आली. पुठ्ठे पापडासारखे वाकले होते. सोबत ग्रंथपालबाईंची चिठ्ठी होती. तिच्यात एकही कठोर शब्द नव्हता, म्हणूनच ती वाचवेना. वहिनीने चिठ्ठी घडी करून ठेवली आणि म्हणाली, "तुम्हाला एवढी घाई होती, तर पाटीवर तुमचं एकटीचंच नाव लावा."

एरवीच्या 'तू'च्या जागी आलेलं ते 'तुम्ही' नणंदेला लागलं. ती त्याच आठवड्यात पुन्हा कापडाच्या दुकानात कामाला गेली. वहिनीच्या नवऱ्याने, म्हणजे नणंदेच्या दादाने, दोघींना समजावून पाहिलं. एकीकडून बहीण आणि दुसरीकडून बायको ओरडल्यावर त्याने तो नाद सोडला.

चार महिने असे गेले. वहिनी रोज कुलूप उघडायची, झाडून घ्यायची आणि बसून राहायची. आलेलं काम उद्यावर टाकायची. माझ्यावर आधी तिची पिशवी आली, मग डबा, मग पाण्याचा माठ. माठ पाझरायचा. माझ्या स्क्रूवर गंज चढला.

एक दिवस एक निवृत्त शिंपीकाका चौकशी करत आले. त्यांच्या बायकोला दिसेनासं झालं होतं. ते तिला रोज वाचून दाखवायचे आणि वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक मध्येच बांधणीला जाऊन त्या तिसांत अडकलं होतं. ते म्हणाले, "अर्धं झालंय. पुढं काय होतं म्हणून ती रोज विचारते. मी आता मनानेच काहीतरी सांगतो, पण तिला कळतं."

वहिनीने ढिगातून ते पुस्तक शोधलं. माठ खाली ठेवला. माझं चाक हलेना, तेव्हा तिने तेल सोडलं, वाट पाहिली आणि पुन्हा जोर लावला. मी किंचाळलो, पण फिरलो. दोन दिवसांनी काका पुस्तक घेऊन गेले. त्यानंतर ती रोज दोन पुस्तकं उसवून नव्याने बांधू लागली. कुणी सांगितलं नव्हतं आणि मोबदलाही नव्हता. पण सकाळी कुलूप उघडताना तिच्या हाताला पुन्हा लगबग आली.

अर्धा ढीग उरला असताना नणंद आली. तिच्याजवळची किल्ली परत द्यायला आली होती. ढीग पाहून ती दारातच थांबली, मग चप्पल काढून खाली बसली आणि एक वाकडा पुठ्ठा सोडवू लागली.

मग नणंद म्हणाली, "चूक माझीच. पण वहिनी, किती वेळ लागतो हे तू मला कधी सांगितलंस? विचारलं की म्हणायचीस, तुला नाही कळायचं."

वहिनीने हातातली सुई खाली ठेवली. "तुला सगळं कळलं असतं," ती हळूच म्हणाली, "तर माझी काय गरज राहिली असती?"

"वेडी आहेस. मला शिकव."

वहिनीने शिकवलं. नणंदेने पहिल्या तीन वह्या साफ बिघडवल्या. तिसावं पुस्तक झालं, तेव्हा ग्रंथपालबाईंकडे वहिनीने यायचंच, असा नणंदेने हट्ट धरला. अनोळखी माणसांपुढे वहिनीची बोबडी वळते. तरी ती गेली. परत आल्यावर खळ कालवत नणंद सगळं पुन्हापुन्हा बोलत होती, म्हणून मलाही कळलं. पुढचं काम किती दिवसांत, असं बाईंनी विचारलं. नणंदेने ओठ घट्ट मिटून घेतले. वहिनी म्हणाली, "दहा पुस्तकांना चार दिवस. त्याहून लवकर नाही." बाईंनी विचार केला आणि दहाच पुस्तकं दिली. आधी ही बघू, म्हणाल्या.

आता कामाची तारीख दोघी मिळून ठरवतात. पंख्यावरून, खिडकीवरून त्यांची अजून जुंपते. दहा पुस्तकांची पुढे वीस झाली, ऐंशी अजून झालेली नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र तुमच्या घरी असेल, तर त्याला अधूनमधून तेल द्या आणि त्याच्यावर माठ ठेवू नका. आणि कुणाबरोबर काम करत असाल, तर त्याला किती वेळ लागतो ते विचारा. तुम्हाला विचारलं, तर सांगा. इतकी वर्षं राबून मी झिजलो नाही, तेवढा चार महिन्यांच्या त्या अबोल्यात गंजलो.