उतार देवाचा

गाडी पसंत पडली बाबांना, चालवणार होता विकास, आणि खोट दिसली मला. आमच्या घरात हे असंच चालायचं.

पंच्याण्णव सालची गोष्ट. माझा धाकटा भाऊ विकास दोन वर्षं सरकारी नोकरीच्या आशेवर बसून पार वैतागला होता. तिकडे भरती बंद, आणि हैदराबादेत आबिड्सला मी पोस्टात कामाला जायची त्या रस्त्यावर मात्र रोज कुठल्या तरी नव्या कंपनीची पाटी लागलेली. त्यातल्याच एका पेजर विकणाऱ्या कंपनीनं त्याला घ्यायचं कबूल केलं. अट एकच. पहिल्या तारखेला स्वतःची गाडी घेऊन या, नसेल तर येऊच नका. ही नोकरी गेली तर दुसरी कुठली, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही.

आता गाडी घ्यायची म्हणजे हिम्मतरावांच्या परवानगीनं. हिम्मतराव म्हणजे आमचे बाबा. परभणीकडच्या शेतकऱ्याचं लेकरू, लहानपणी शिकायला हैदराबादेत आलं आणि वीज खात्यातून रिटायर होऊन गौलीगुड्यात घर करून राहिलं. माणूस वाईट नव्हता हो. पण दिवसभर एकच जप: "बंद कर, जळतंय." दिवा जळतोय, गॅस जळतोय, इस्त्री जळतेय. आई, म्हणजे इंदुताई, तिलाही इतक्या वर्षांत तीच सवय लागलेली. बाबा घरी नसले की त्यांच्या वतीनं ती ओरडायची.

बाबांनी आयुष्यभर एक मोपेड वापरली, आणि उतार दिसला की तिचं इंजिन बंद केलं. कोठीकडून आमच्या गल्लीत यायचं तर नदीच्या दिशेनं लांबलचक उतार आहे. बाबा वरच्या टोकाला चावी फिरवायचे आणि थेट दारात येऊन थांबायचे. "चढ पेट्रोलचा, उतार देवाचा," म्हणायचे. जसं काही देव यांच्यासाठी उतार करून बसलाय.

आधी आम्ही शोरूममध्ये गेलो. तिथं एक फोर-स्ट्रोक शंभर सीसी उभी होती, काळी, झुळझुळीत. विकासनं टाकीवर हात ठेवला तो काढेचना. सेल्समननं मायलेज सांगितलं, हप्ते सांगितले. हप्ता म्हटल्यावर बाबा उठले. "नाकापेक्षा मोती जड," एवढंच बोलले आणि बाहेर जाऊन चपला शोधायला लागले. विकासनं माझ्याकडे पाहिलं. मला रडू यायच्या ऐवजी राग आला. मला नेहमी रागच येतो.

मग कोठीच्या मागं जुन्या गाड्यांचे व्यापारी बसतात, तिथं. खादरभाई नावाच्या माणसानं एक लाल टू-स्ट्रोक पुढे काढली. रंग उडालेला, पण इंजिन एका किकमध्ये सुरू झालं. किंमत ऐकून बाबांचा चेहरा खुलला. विकास मित्राच्या स्कूटरवर जेमतेम महिनाभर शिकलेला. त्याला काय कळणार? तो नुसता रेस देत बसला. मी म्हटलं, बंद करून हॉर्न वाजव. वाजेना. लाइट लाव म्हटलं. लागेना.

"खादरभाई, ये क्या है?"

"हौ आपा, इस्कू बॅटरीच नै," तो हसत म्हणाला. "डायरेक्ट करके दिया मैं. इंजन चालू, लाइट चालू, हारन चालू. इंजन बंद, सब बंद. बॅटरी का खर्चाच नक्को."

मी बाबांकडे वळले. वाटलं, आता तरी नाही म्हणतील. पण बाबा अशा खुशीत आले की जणू लॉटरी लागली. बॅटरीचा खर्चच नाही! "आणि टू-स्ट्रोक पेट्रोल पिते म्हणतात ना? पिऊ दे. ती काळी फोर-स्ट्रोक जेवढं वाचवते तेवढं मी उतारावर काढून दाखवतो," म्हणाले.

"बाबा, उतारावर इंजिन बंद केलंत की लाइटही जाईल. संध्याकाळी काय करायचं?"

"रस्त्यावर दिवे असतात, योगे. मीच लावलेत ते." खात्याचा अभिमान. आणि सौदा झाला.

घरी आल्यावर आईनं पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवलं. विकासनं गाडी पुढे घेतली, लिंबू सरकलं, चिरडलंच नाही. आई म्हणाली, पुन्हा ठेव. बाबा म्हणाले, एक लिंबू पुरे. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या रात्री मला ते लिंबू आठवत राहिलं, खोटं कशाला बोलू?

नोकरी लागली. विकास खूश, गळ्यात टाय, कमरेला पेजर. पहिल्या आठवड्यात मी संध्याकाळी दूध घेऊन गल्लीतून चालले होते. मागं काही नाही, चिडीचूप. आणि एकदम कोपराला गरम वारा लागल्यासारखं काही तरी सर्रकन गेलं. हातातली बरणी पडली. पुढे जाऊन विकास थांबला, दात काढत होता. त्यानं वरून इंजिन बंद केलं होतं. दारात उभे बाबाही हसत होते.

"बघ, मांजरासारखा आला की नाही!"

"मांजरानं माणूस मरत नाही, बाबा!" मी भर गल्लीत ओरडले. "आज दूध सांडलं. उद्या कुणाचं लेकरू असेल!"

त्या रात्री मी विकासला गच्चीवर धरलं. माझ्या गळ्याची शपथ घे म्हटलं, उतारावर इंजिन बंद करायचं नाही. त्यानं घेतली. चांगला पोरगा होता, मनापासून घेतली. दोन आठवडे त्याची गाडी फटफट करत, लाइट पाडत उतरायची, आणि तो आवाज ऐकला की मी निवांत भाजी चिरायला बसायची.

पण बाबांकडे काठी होती. बांबूची बारीक कामटी, दाराजवळ खिळ्याला टांगलेली. रोज संध्याकाळी टाकीचं झाकण उघडून ते ती आत घालायचे आणि ओला भाग बोटांनी चाचपून पेट्रोल मोजायचे. डोळ्यांनी दिसतच नव्हतं धड. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, काढून टाका. बाबा म्हणाले होते, पिकू दे आधी, घाई कशाला, खर्च काय पळून जातोय? अफझलगंजच्या लायब्ररीत फुकट पेपर वाचायला जायचे, आता तिथं त्यांचे दोस्त नामदेवराव त्यांना पेपर वाचून दाखवत. येताना उताराचा रस्ता ओलांडून घरी.

"बाबा, नामदेवकाकांना दारापर्यंत यायला सांगा," मी म्हणायची.

"मी कानानं रस्ता ओलांडतो, बाई. माझे कान अजून नवे आहेत."

तर ती काठी. "आज चालू ठेवलीस उतारावर," ते विकासला म्हणायचे. रागावून नाही, ते एक वेळ चाललं असतं. हिरमुसून म्हणायचे. मग जेवताना बोलायचे नाहीत. विकास ताटात बोट फिरवत बसायचा. त्या पोरानं शाळेत बक्षीस आणलं तेव्हाही बाबा "बरं" म्हणाले होते. नोकरी लागली तेव्हाही "बरं".

"ताई, या माणसाच्या तोंडून एकदा शाबास ऐकायचंय मला," तो एकदा म्हणाला.

"शाबास काय भाकरीला लावून खाणार आहेस? शपथ आठवते ना?"

"हौ," तो म्हणाला. पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

उन्हाळा लागला आणि वीज जायला लागली. रोज दिवेलागणीलाच जायची. बाबांनी लावलेले रस्त्यावरचे दिवे विझलेले, उताराच्या दोन्ही बाजूंची दुकानं मेणबत्त्यांवर. त्या दिवशी मी दारात कंदील लावत होते. विकासची यायची वेळ झालेली. मी कान देऊन होते. आवाज नव्हता, म्हणून मला वाटलं, अजून यायचाय. आवाज नाही म्हणजे गाडी नाही. मलासुद्धा तेच वाटलं, बघा.

रस्त्याच्या पलीकडे मेणबत्तीच्या उजेडात पांढरं धोतर दिसलं. नामदेवरावांना कोपऱ्यावर सोडून बाबा एकटेच आले होते. कडेला थांबले. मान जराशी तिरकी केली, देवळात घंटा ऐकावी तशी, आणि ऐकू लागले.

 एकदम ती शांतता मला ओळखीची वाटली, दूध सांडलं होतं त्या दिवसाची.

"बाबा! थांबा! येऊ नका!"

त्यांनी हात वर केला. "अगं, काही येत नाही. ऐकतोय मी."

आणि रस्त्यात उतरले.

धप्प असा आवाज झाला, मग पत्र्याचा. मग विकासचा.

मी कंदील घेऊन धावले. बाबा उताणे पडले होते, डोक्याखालची माती ओली होत होती. विकास रांगत त्यांच्यापर्यंत आला. त्याला खरचटलं होतं तेवढंच. "बाबा, मला दिसलंच नाही, बाबा," हे एकच तो म्हणत राहिला. मी बाबांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांना कळत होतं सगळं.

"आवाजच नाही आला गं," ते म्हणाले. नवल वाटल्यासारखे म्हणाले. मग त्यांनी हात पुढे करून चाचपला, विकासचा चेहरा सापडला. "बंद केलं होतंस?"

 विकासनं हो म्हणून मान हलवली, ती बाबांना हाताला कळली.

"शाबास," बाबा म्हणाले.

देवा रे! त्यांनी ते त्याला सावरायला म्हटलं की खरंच खूश होऊन, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्हींचा मला सारखाच राग येतो. कधी त्यांच्या फोटोसमोर उभी राहून भांडते मी, म्हणते, तुम्हाला तोच दिवस मिळाला का हो?

शेजाऱ्यांनी ऑटोत घालून त्यांना दवाखान्यात नेलं, पण ते वाटेतच गेले. आम्ही परत आलो तेव्हाही वीज नव्हती. आई उंबऱ्यात बसली होती. तिला कुणी तरी आधीच सांगितलं होतं. रडत नव्हती, नुसती बसली होती.

मग एक पोलीस आला, टॉर्च घेऊन. गाडी भिंतीला लावलेली होती. त्यानं विकासला विचारलं, लाइट होता का? हॉर्न दिला का? विकासनं गुडघ्यांत डोकं घातलं. पोलिसानं स्वतःच चावी फिरवून किक मारली. एका किकमध्ये सुरू झाली. लाइट असा लख्ख पडला की समोरची भिंत, रस्त्यावरचा तो डाग, बाबांची एक चप्पल, सगळं दिसलं. त्यानं हॉर्न दाबला. अख्खी गल्ली दारात आली.

"लाइट बराबर, हारन बराबर," तो म्हणाला. "फिर बुड्ढे कू दिखा कैसा नै? सुना कैसा नै?"

 इंजिन फटफटत राहिलं. धूर घरात यायला लागला.

उंबऱ्यातून आईनं मान वर केली. रोजच्याच आवाजात म्हणाली, "विकास, बंद कर रे ती गाडी. पेट्रोल जळतंय."

विकास उठला आणि त्यानं चावी फिरवली. आवाज गेला, लाइट गेला, आणि अंधारात तो पोलीस हळूच म्हणाला, "अच्छा."