बाहेरची कड

"आता बघ, ही पलटी खाणार," बाई म्हणाल्या, आणि टीव्हीवरच्या निळ्या झग्यातल्या मुलीने खरोखरच पलटी खाल्ली.

पलटी खाल्ली म्हणजे पडली वगैरे नाही. उलट चांगली उंच उडाली, हवेत भिंगरीसारखी फिरली, एका पायावर अलगद उतरली आणि दोन्ही हात पसरून अशी काही हसली, की प्रेक्षक उठून उभे राहिले. बाईंनी मात्र दुधात माशी पडल्यासारखं तोंड केलं.

"एवढ्या टाळ्या पडतायत की हो," काउंटरमागचा बूटवाला म्हणाला. बर्फाच्या मैदानावर येणाऱ्यांना स्केटचे बूट भाड्याने द्यायचे, परत आले की पुसून फळीवर ठेवायचे आणि पात्यांना धार लावायची, हे त्याचं काम. टीव्ही त्याच्याच डोक्यावर टांगलेला असल्यामुळे बाईंचं बोलणं ऐकणं हेही त्याच्या कामातच धरलेलं होतं.

"टाळ्यांचं काय घेऊन बसलास! लोक विमान उतरलं तरी टाळ्या वाजवतात," बाई म्हणाल्या. "हा काय लुट्झ आहे? लुटुपुटूचा लुट्झ!"

लुट्झ ही उडी मुळातच वाकड्या स्वभावाची. स्केटच्या पात्याला दोन कडा असतात, एक आतली आणि एक बाहेरची. लुट्झ मारायचा तर डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर रेलून, पाठमोरं, लांबलचक वळण घेत यायचं, मग उजव्या पायाचं टोक बर्फात खुपसायचं आणि नेमकं त्या वळणाच्या उलट दिशेला फिरायचं. शरीराला हे मुळीच मान्य नसतं. ते ऐन वेळी घोटा आत पाडतं, पातं गुपचूप आतल्या कडेवर येतं आणि उडी सोपी होऊन जाते. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बाईंना लागायचा. मतदानाच्या आदल्या दिवशी पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याबद्दल लोक जे बोलतात, ते बाई या घोट्याबद्दल बोलत, आणि त्यालाच पलटी म्हणत.

उभा जन्म त्यांनी या एका कडेपायी घालवला होता. शिकायला येणारी मुलं त्यांना मागून कडबाई म्हणत आणि मुलांचे आईबाप कडूबाई म्हणत. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती. दुसरं जास्त आवडायचं.

"मी काय म्हणतो बाई, सगळ्यांच्या बुटांची आतली कड घासूनच टाकतो," बूटवाला म्हणाला. "म्हणजे भांडणच मिटलं."

"तुझी अक्कल आधी घासून ठेव."

शेजारच्या बाकावर बसलेली एकजण फिस्सकन हसली. ही एका नवशिक्या मुलीची आई. मैदानावर बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र फिरत होतं, वर्गाला वेळ होता, आणि तिला टीव्हीवरचं सगळंच आवडत होतं.

"पण किती नाजूक दिसत होती ना, मॅडम!"

"चोरसुद्धा सापडेपर्यंत सभ्यच दिसतो."

पुढची आली ती जांभळ्या झग्यातली. उडीच्या आधी ती इतका वेळ मागे वळून बघत राहिली, की बाई म्हणाल्या, "बस चुकली वाटतं हिची." त्यानंतरच्या मुलीने उडताना एक हात डोक्यावर सरळ धरला. नवशिक्या मुलीच्या आईच्या तोंडून "अय्या!" निघालं. बाई म्हणाल्या, "वर कडी धरून लोंबकळायची सवय असेल. पाय कुठे आहेत ते लपवायला हात दाखवतायत. नाचता येईना आणि म्हणे अंगण सजवा." एकीने अर्धी गिरकी बर्फावरच उरकून घेतली आणि उरलेली हवेत केली. "अर्धा स्वयंपाक शेजारणीकडून आणायचा आणि वर मीच रांधलं म्हणायचं." मग एक बुटकीशी मुलगी आली. तिचं पातं शेवटपर्यंत बाहेरच्या कडेवर राहिलं. बूटवाल्याने आशेने बाईंकडे पाहिलं.

"कड बरोबर," बाई म्हणाल्या. "पण उडी कुठाय? दाराचा उंबरा ओलांडताना मीसुद्धा याहून उंच उडते."

बूटवाल्याने हात जोडले. आज बाई नेहमीपेक्षा जास्त तिखट होत्या, आणि का ते त्याला ठाऊक होतं. शेवटून दुसऱ्या क्रमांकावर बाईंची स्वतःची मुलगी उतरणार होती.

त्या मुलीला बाईंनीच उभं राहायला शिकवलं होतं, बर्फावर आणि जमिनीवरही. तिला सगळं यायचं. फक्त लुट्झला घोटा आत पडायचा. बाईंनी बोलून पाहिलं, ओरडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी एका मोठ्या निवड स्पर्धेच्या सकाळी त्या आयोजकांच्या टेबलापाशी गेल्या आणि मुलीचं नाव त्यांनी स्वतः मागे घेतलं. "माझ्या हाताखालची पोरगी पलटी खाऊन जिंकणार असेल, तर त्यापेक्षा हरलेली बरी," असं चारचौघांत म्हणाल्या.

"मग मी तुझ्या हाताखालचीच नको," मुलगी म्हणाली आणि तिने बॅग भरली. दाराशी बाईंनी तिला अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "बाहेरच्या कडेवरून उडालीस की फोन कर. तोवर नको."

रागात माणूस वाट्टेल ते बोलतो. पण बाई रागात बोललेलंही पाळणाऱ्या, आणि खाण तशी माती. मुलीने तो शब्द उचलला आणि फोन केला नाही. ती एका नावाजलेल्या प्रशिक्षकाकडे गेली. बाई त्याला गोडबोल्या म्हणत. त्याने घोट्याला हात लावला नाही, बाकी सगळं घासूनपुसून चकचकीत केलं. पदकं मिळत गेली. वडील तिच्याशी गॅलरीत उभे राहून हळू आवाजात फोनवर बोलत. बाई आत भाजी चिरत असत आणि तेवढ्यापुरती सुरी थांबवत. त्या प्रत्येक स्पर्धा बघत, प्रत्येक वेळी पलटी दिसे, आणि प्रत्येक वेळी फोन गप्प बसे.

आता मुलीचा तो घोटाच कामातून गेला होता. डॉक्टरांनी बस म्हणून सांगितलं होतं, आणि आजची स्पर्धा शेवटची होती. वडील बघायला गेले होते.

"चल गं," निघताना ते म्हणाले होते. "शेवटची वेळ आहे."

"तुम्ही जा. तिकीट काढून शेवटची पलटी बघायची मला हौस नाही."

असं म्हणून त्या वर्गाच्या कितीतरी आधी येऊन या बाकावर बसल्या होत्या.

टीव्हीवर बाईंची मुलगी बर्फावर आली. नवशिक्या मुलीच्या आईने पर्समधून वेफर्स काढले. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"झगा बघा," बाई म्हणाल्या. "खिडकीचा पडदा काढून शिवलाय. त्या गोडबोल्याचीच आवड असणार."

संगीत सुरू झालं. मुलगी दुखऱ्या पायाला जपत होती, ते बाईंना पहिल्याच वळणावर दिसलं.

"हात बरे आहेत," बाई पुटपुटल्या. "हात मी शिकवलेत."

मग ते लांब, पाठमोरं वळण सुरू झालं. बाईंचा डावा पाय बाकाखाली आपोआप बाहेरच्या बाजूला कलला. त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. त्या घोट्याकडे बघत होत्या. आता पडेल आत. आता पडेल. घोटा पडला नाही. पातं बाहेरच्याच कडेवर राहिलं, उलट आणखी बाहेर रेललं, आणि उजव्या पायाचं टोक बर्फात घुसलं.

ती उडाली. पण इतकी वर्षं दुसऱ्याच वाटेने जायची सवय लागलेलं शरीर हवेत बिचकलं, वाकडं झालं आणि धाडकन कुल्ल्यावर आपटून थेट कठड्यापर्यंत घसरत गेलं. संगीत वाजतच राहिलं.

"अरेरे!" नवशिक्या मुलीची आई म्हणाली. "सगळ्यात वाईट हिनेच केली ना, मॅडम?"

बूटवाल्याने डोळे मिटून घेतले. आता बाई काय बोलतील ते त्याला ऐकायचं नव्हतं. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"ही तर तिची सर्वांत भरवशाची उडी," समालोचक हळहळत होता. "इथे अशी चूक होईल असं कोणालाही वाटलं नसेल."

रिप्ले आला. कॅमेऱ्याने मुलीचा चेहरा दाखवला, जवळून, वेदनेने मिटलेले ओठ दाखवले.

"तोंड काय दाखवताय? पाय दाखवा, गाढवांनो!" बाई टीव्हीवर ओरडल्या. पाय कोणी दाखवला नाही. पुन्हा तोंडच दाखवलं.

बाई मटकन खाली बसल्या. त्यांनी पाहिलं होतं, नक्की पाहिलं होतं, पण एकदाच. की पाहायचं होतं म्हणून पाहिलं? दुसऱ्या कोणाची कड असती तर त्यांनी पैज लावली असती. आज पोटच्या पोरीसाठी आपल्या डोळ्यांनी लाच खाल्ली की काय, अशी शंका त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आली.

मुलगी उठली, उरलेलं सगळं तिने पुरं केलं, वाकून नमस्कार केला. गुण आले ते अगदी खालचे. तिच्या शेजारी बसलेला गोडबोल्या स्वतःची नखं बघत होता. त्याचं गोड बोलणं संपलेलं दिसत होतं.

बर्फाचं यंत्र मैदानाबाहेर गेलं. मुलं कठड्याशी जमू लागली. बाईंनी बूट पुढ्यात ओढले, एक पाय घातला, आणि पिशवीतला फोन वाजला. नवऱ्याचा होता.

"बघितलं मी," बाई फोनवर खेकसल्या. "तुम्ही आणखी वर्णन करून सांगू नका."

पलीकडून आवाज आला, "आई."

बाईंच्या हातातली बुटाची नाडी सुटली.

"पडलीस," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांनी लेकीशी पहिला शब्द बोलायचा, आणि तो हा! स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली त्यांना.

"पडले."

"पोतं टाकल्यासारखी."

"हो. तरी फोन केलाय मी."

"कळतंय मला."

"करायला नको होता का?" मुलगी घाईघाईने बोलत होती. "इथे कोणी काही सांगतच नाहीये गं. सर बोलत नाहीयेत. पायाखाली बाहेरची कड होती असं मला वाटलं. पण मला तर दर वेळी वाटायचं. तू बघितलंस ना? सांग. होती?"

बूटवाला धारेचं यंत्र बंद करून उभा होता. बाईंनी डोळे मिटले आणि तो घोटा पुन्हा डोळ्यांपुढे आणला. तो तसाच बाहेर रेललेला होता.

"होती. बाहेरची होती. शेवटपर्यंत."

"शप्पथ?"

"मी आजवर कोणाला खोटं छान म्हटलंय?"

"नाही. तू खरं छानसुद्धा नाही म्हणालीस कधी, आई."

बाईंनी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण सवय नसलेला तो शब्द, हवेतल्या पोरीसारखाच बिचकला.

"पाय कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"सुजलाय."

"बर्फ लाव."

"त्याला इथे काय तोटा!" मुलगी हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "आई, पलटी खाल्ली असती तर तिसरी तरी आले असते गं. वळणावर ठरवलं मी. म्हटलं, हीच शेवटची आहे, एकदा तरी तुझ्यासारखी मारू. हरले. तू म्हणायचीस ना, त्यापेक्षा हरलेली बरी. मग? बरी ना?"

बाईंनी कठड्यापलीकडे पाहिलं. नवीन बर्फावर अजून कोणाचाच ओरखडा नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटत गं. जिंकायला हवी होतीस तू." मग नाक ओढून म्हणाल्या, "घरी ये. बाबांना म्हणावं बॅग त्यांनी उचलायची. त्या पायावर वजन टाकू नकोस."

फोन ठेवून त्या एका बुटानिशी लंगडत काउंटरपाशी गेल्या. मागच्या भिंतीवर, सगळ्यांत वरच्या खुंटीवर, पांढऱ्या बुटांचा एक जुना जोड टांगलेला होता. तो कोणाला भाड्याने द्यायचा नाही असा बाईंचा हुकूम होता. कोणाचा, ते बूटवाल्याला विचारावं लागलं नव्हतं. बाईंच्या मुलीच्या बुटांच्या नाड्या लहानपणापासून त्यानेच कितीदा बांधून दिल्या होत्या.

"काढ ते खाली. धार लाव."

"ताई आता कुठे घालणार, बाई? डॉक्टरांनी तर..."

"घालो नाहीतर न घालो. लाव."

"दोन्ही कडांना?" त्याने जपून विचारलं.

"दोन्ही कडांना."

नवशिक्या मुलीची आई वेफर्सची पिशवी मुठीत धरून जवळ आली. "सॉरी हं मॅडम, मी मघाशी काहीतरी बोलून गेले. ती पडली ती मुलगी तुमच्या ओळखीची आहे का?"

"माझी मुलगी आहे," बाई म्हणाल्या. "छान उडते."

आणि बाकाशी परत येऊन दुसरा बूट चढवायला त्या खाली वाकल्या. कठड्याशी मुलं "बाई, बाई" करत होती. नाडी केव्हाच बांधून झाली होती, तरी बाई बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.